चेहरा कुणी झाकायचा? मोर्चेकरी, पोलिस आणि मुखवटाबंदीचा कायदा

(सोलापुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वरवर परदेशी वाटेल. मोर्चात तोंड झाकायला बंदी असावी का, आणि कारवाई करणाऱ्या पोलिसाला तोंड झाकता यावं का, यावर सध्या अमेरिकेत मोठा वाद चालू आहे. तुम्ही म्हणाल, सोलापूरचा याच्याशी काय संबंध? एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारानंतर सात रस्त्यावर उभं राहून बघा. स्कूटीवरच्या मुली स्कार्फ बांधून, पोरं रुमाल गुंडाळून, म्हातारी माणसं टॉवेल डोक्यावरून घेऊन चाललेली असतात. ऊन आणि धूळ एवढी, की सगळ्या गावानेच तोंड झाकलेलं असतं. या गावात मुखवटाबंदी आणायची म्हटली तर पहिला दंड कुणाला होईल?

गंमत बाजूला ठेवू. प्रश्न गंभीर आहे, आणि तो एक नाही, दोन आहेत. नागरिकाने चेहरा झाकला तर कायद्याने काय करावं, हा पहिला. सरकारच्या वतीने बळ वापरणाऱ्याने चेहरा झाकला तर काय करावं, हा दुसरा. चर्चेत हे दोन्ही एकाच तराजूत टाकले जातात: त्यांना बंदी तर यांनाही बंदी, यांना सूट तर त्यांनाही सूट. ऐकायला हे न्याय्य वाटतं. माझं म्हणणं असं आहे की हे दोन प्रश्न सारखे नाहीत, आणि आपल्या कायद्यातही ते सारखे मानलेले नाहीत. ते कसं, ते आता बघू.

महाराष्ट्रात तोंड झाकणं गुन्हा आहे का?

सरळ उत्तर: नुसतं तोंड झाकणं गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलिस अधिनियम, १९५१, म्हणजे पूर्वीचा मुंबई पोलिस अधिनियम, यात कलम १२२ आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कोणी संशयास्पद स्थितीत सापडला तर काय, याबद्दलचं हे कलम. त्यात घातक हत्यार बाळगणारा आहे, घरफोडीची अवजारं बाळगणारा आहे आणि चेहरा झाकलेला किंवा वेषांतर केलेला माणूसही आहे. पण चेहरा झाकलेल्या माणसाच्या बाबतीत एक अट घातली आहे: गुन्हा करण्याच्या उद्देशाने. म्हणजे गुन्ह्याचा गाभा उद्देशात आहे, रुमालात नाही. आणि वेळही रात्रीची.

दुसरं कलम ३७. पेपरात आपण नेहमी वाचतो, 'शहरात जमावबंदी व शस्त्रबंदीचे आदेश लागू'. सोलापूर शहरात हा आदेश पोलिस आयुक्त काढतात. कलम ३७(१) मध्ये मनाई करण्याजोग्या गोष्टींची यादी आहे. शस्त्रं, काठ्या, दगड जमवणं, स्फोटकं, प्रेताचं किंवा प्रतिमेचं प्रदर्शन, घोषणा, गाणी, वाद्यं, चिथावणीची भाषणं, हावभाव, नकला. यादी बरीच लांब आहे, पण तोंड झाकणं तिच्यात नाही. आता एखादा कार्यकर्ता मंत्र्याचा मुखवटा घालून जिल्हाधिकारी कार्यालयासमोर पत्ते खेळायला बसला, तर प्रतिमा किंवा नकला या शब्दांखाली त्याला अडवायचा प्रयत्न होऊ शकतो. पण तो मुखवटा लपण्यासाठी नसतो, तो बोलण्यासाठी असतो. तिथे वाद अभिव्यक्तीचा आहे, ओळखीचा नाही.

तिसरा मार्ग म्हणजे जुनं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. तातडीच्या स्थितीत दंडाधिकारी त्याखाली हुकूम काढू शकतात. अमुक मोर्चात तोंड झाकू नका, असा हुकूम त्याखाली काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. पण जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की असा हुकूम सकारण हवा, प्रसंगाला साजेसा हवा, आणि रास्त मतभेद दाबण्यासाठी तो वापरता येणार नाही.

आणि २०२० हे साल आठवा. त्या एप्रिलपासून शहराशहरांत उलटा नियम आला, मास्क नसेल तर दंड. महाराष्ट्रात ही सक्ती २०२२ च्या गुढीपाडव्याला उठली. दोन वर्षं उघड्या तोंडाचा दंड भरलेल्या समाजाला, झाकलेलं तोंड म्हणजेच संशय, असं सांगणं अवघड आहे.

गर्दीत 'तो कोण?' याची किंमत

मग सरकारांना चेहरा का हवा असतो? कारण जमावाच्या गुन्ह्यात सगळा खटला एका प्रश्नावर उभा असतो: तो कोण होता?

सोलापूरकरांना हे मी शिकवायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गाव पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला. मंगळवार पेठेतल्या पोलिस चौकीवर जमाव गेला आणि दोन पोलिस मारले गेले. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. त्या दिवसांत डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा संशयाची खूण झाली. म्हणजे माणूस काय करतो यापेक्षा तो काय घालतो यावर त्याची परीक्षा. आणि पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चार हुतात्म्यांचे पुतळे आपण रोज बघतो. हजारोंच्या जमावातून नेमकी हीच चार माणसं कशी निवडली गेली, हा प्रश्न या गावाने कधी सोडला नाही. हे चौघे निर्दोष होते, असंच सोलापूर मानत आलं आहे.

यातून दोन धडे निघतात आणि ते एकमेकांविरुद्ध जातात. पहिला असा, की जमावात ओळख चुकली तर निरपराध माणूस जीवाला मुकू शकतो. म्हणजे चेहरे नीट दिसणं निरपराधाच्याही फायद्याचं. दुसरा असा, की सत्ता चिडलेली असेल तेव्हा नुसतं गर्दीत दिसणंही धोक्याचं. म्हणजे शांतपणे आलेल्या माणसाला चेहरा झाकावासा वाटला तर त्याला कारण आहे.

स्वतंत्र भारताच्या न्यायालयांनी पहिला धडा घेतला. १९६४ साली मसाल्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मोठ्या जमावाचा गुन्हा असेल तेव्हा एकट्यादुकट्या साक्षीदारावर विसंबू नये. दोन-तीन किंवा अधिक साक्षीदारांनी सुसंगत साक्ष दिली असेल तर आरोपी पक्का धरावा. ही खबरदारी कशासाठी? बेकायदा जमावाचा सभासद ठरलात, तर फटका तुम्ही मारला नसला तरी जबाबदारी तुमच्यावर येते. त्यामुळे 'हा तिथे होता' एवढं वाक्यही फार जड असतं.

इथे एक मजेशीर गोष्ट बघा. आरोपीला कोर्टात नेताना पोलिस त्याच्या तोंडावर बुरखा टाकतात. का? ओळख परेड व्हायची असते. साक्षीदाराने आरोपीला आधीच पाहिलं, तर परेडला अर्थ राहत नाही. म्हणजे न्याय नीट व्हावा म्हणून चेहरा झाकायचा, ही पद्धत खुद्द पोलिसच पाळतात. झाकलेला चेहरा आणि न्याय यांचं वैर नाही. चेहरा कोण, केव्हा आणि कशासाठी झाकतो, ते बघायचं.

पोलिसाचा चेहरा कुणाचा?

आता दुसरा प्रश्न. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या एका विधी सहाय्य संस्थेचे पदाधिकारी डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल आला आणि त्यात अटकेबाबत अकरा सूचना दिल्या गेल्या. पहिलीच सूचना कोणती? अटक करणाऱ्या आणि चौकशी करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा अचूक, ठळक आणि स्पष्ट दिसला पाहिजे.

अकरा सूचनांत पहिला मान नावाच्या पट्टीला मिळाला, कारण बाकीच्या दहा तिच्यावर अवलंबून आहेत. अटकेचा पंचनामा केला नाही, नातेवाइकाला कळवलं नाही, वैद्यकीय तपासणी केली नाही, अशी तक्रार करायची, पण कुणाविरुद्ध? नाव नसेल तर तक्रार हवेत जाते.

पुढे ही सूचना कायद्यात आली. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१-ब घातलं गेलं, ते १ नोव्हेंबर २०१० पासून लागू झालं. १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेत तेच कलम ३६ आहे.

पण यात एक भगदाड आहे. कलम अटकेबद्दल बोलतं. लाठीमार म्हणजे अटक नव्हे. अश्रुधूर सोडणं, जमाव पांगवणं, गल्लीत शिरून दारं ठोठावणं म्हणजेही अटक नव्हे. बंदोबस्तावरचा जवान हेल्मेट घालतो, वरून संरक्षक जाकीट चढवतो, पावसाळा असेल तर रेनकोट, आणि गणवेशावरची नावाची पट्टी आत जाते. त्याने मुद्दाम काही लपवलेलं नसतं. पण समोरच्या माणसासाठी परिणाम एकच: मारणारा कोण, ते कळत नाही.

याची किंमत काय होते, ते फेब्रुवारी २०२० च्या दिल्लीत दिसलं. रस्त्यावर पडलेल्या पाच जखमी तरुणांना गणवेशातली माणसं मारत आहेत आणि राष्ट्रगीत म्हणायला लावत आहेत, अशी चित्रफीत देशाने पाहिली. त्यांतला एक तरुण नंतर मरण पावला. चित्रफीत होती, गणवेश दिसत होते, जागा माहीत होती. तरी चार वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाला तपास स्थानिक पोलिसांकडून काढून सीबीआयकडे द्यावा लागला. गणवेश दिसला म्हणजे माणूस सापडला, असं नाही.

म्हणून मी म्हणतो, दोन प्रश्न सारखे नाहीत. नागरिक रस्त्यावर येतो तो स्वतःच्या नावाने. त्याचा चेहरा त्याचा आहे. खासगीपणाचा हक्क मूलभूत आहे हे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. पोलिस रस्त्यावर येतो तो आपल्या सगळ्यांच्या वतीने. हातातली लाठी त्याची स्वतःची नसते, राज्याची असते. जे बळ आपण त्याला उसनं दिलं, त्याचा हिशेब मागण्यासाठी तो कोण हे कळणं आपला हक्क आहे.

जगाने काय केलं?

जर्मनीत डिसेंबर २००७ मध्ये म्युनिकला फुटबॉल सामन्यानंतर पोलिसांनी मारहाण केल्याची तक्रार दोन प्रेक्षकांनी केली. पोलिस हेल्मेटमध्ये होते आणि हेल्मेटवर फक्त तुकडीचा क्रमांक होता, माणसाचा नव्हता. तपास बंद पडला. नोव्हेंबर २०१७ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने जर्मनीला दोषी धरलं. तपास परिणामकारक झाला नाही, आणि चेहरा झाकलेले पोलिस तैनात करायचे असतील तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळी खूण हवी, नाव नसलं तरी क्रमांक हवाच, असं ते म्हणालं. याच जर्मनीत मोर्चेकऱ्यांनी चेहरा झाकण्यावर १९८५ पासून बंदी आहे. म्हणजे नागरिक उघडा आणि पोलिस झाकलेला, अशी उलटी स्थिती तिथे होती.

हाँगकाँगमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारने वसाहतकाळातल्या आणीबाणीच्या कायद्याखाली आंदोलनात तोंड झाकायला बंदी घातली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या अंतिम न्यायालयाने बंदी वैध ठरवली. मधल्या काळात करोना आल्यामुळे त्याच शहरात मास्क सक्तीचा झाला होता! आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने पोलिसांनाही सुनावलं, की आंदोलन हाताळताना वेगळा ओळख क्रमांक न दाखवणं हा हक्कभंग आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १८४५ साली मुखवटाबंदी केली. कुणाविरुद्ध? जमीनदारांना खंड द्यायला नकार देणाऱ्या कुळांविरुद्ध. ती माणसं छापील कापडाचे झगे आणि मुखवटे घालून वसुलीला आलेल्यांना पिटाळत. नाव कळलं तर जमीन जाईल ही भीती. पुढे अनेक दक्षिणी राज्यांनी मुखवटाबंदी आणली ती कू क्लक्स क्लानच्या दहशतीविरुद्ध. एकच कायदा, एकदा दुबळ्यांविरुद्ध आणि एकदा दुबळ्यांच्या बाजूने. न्यूयॉर्कने तो २०२० मध्ये रद्द केला. आता वारं फिरलं आहे. स्थलांतरितांना पकडणारे केंद्राचे अधिकारी मुखवटे घालून येऊ लागले, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने पोलिसांच्याच मुखवट्यांवर बंदी घालणारा कायदा केला. केंद्र सरकार त्याविरुद्ध कोर्टात गेलं. तिथला वाद मुखवट्याइतकाच, राज्याने केंद्राच्या अधिकाऱ्याला हुकूम सोडावा का, हाही आहे.

दोन हरकती

पहिली हरकत: मोर्चातले दंगलखोर तोंड बांधूनच येतात. खरं आहे. ५ जानेवारी २०२० रोजी दिल्लीत जेएनयूमध्ये तोंड बांधलेल्या टोळक्याने काठ्या-सळया घेऊन विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मारलं. पण सळई घेऊन मारायला निघालेला माणूस दंडाच्या भीतीने रुमाल सोडणार आहे का? तो पुढच्या मोठ्या गुन्ह्याला तयार आहे. सरसकट बंदीत सापडते ती स्कार्फ बांधलेली विद्यार्थिनी, नकाब घेणारी बाई, क्षयरोगाचा किंवा केमोथेरपी घेणारा रुग्ण, आणि मालकाने बघितलं तर उद्यापासून कामावर घेणार नाही या धास्तीने टॉवेल गुंडाळून आलेला कामगार. यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या गावात हे जास्त समजावून सांगायला नको. आपल्या कलम १२२ ने हे आधीच ओळखलं आहे: उद्देश सिद्ध करा, मग शिक्षा द्या.

शिवाय आज चेहरा म्हणजे नुसता चेहरा राहिला नाही. कॅमेरा आणि संगणक मिळून तो क्षणात नावाशी जोडतात. हैदराबादमध्ये २०२१ च्या टाळेबंदीत एका सामाजिक कार्यकर्त्याला पोलिसांनी अडवलं, मास्क काढायला सांगितला आणि फोटो घेतला. त्यावरून तेलंगणा उच्च न्यायालयात याचिका झाली, की हे कुठल्या कायद्याने? १९३० मध्ये ओळखायला माणूस लागत होता. आता गर्दीतल्या प्रत्येकाची नोंद होऊ शकते.

दुसरी हरकत पोलिसांकडून येते, आणि ती मी हलकी मानत नाही. नाव दिसलं की घर सापडतं, फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो, बायकापोरांना त्रास होतो. गडचिरोलीत काम करणाऱ्या जवानाची भीती तर अगदी खरी आहे. याला उत्तर आपल्याकडे जुनंच आहे: बक्कल नंबर. नाव नको, चेहरा नको, पण हेल्मेटवर आणि जाकिटाच्या पाठीवर लांबून वाचता येईल असा नंबर. लोकांना त्यावरून घर सापडणार नाही, पण चौकशी करणाऱ्याला माणूस सापडेल. धुरात, धुळीत जवानाने तोंड झाकलं तरी माझी हरकत नाही. नंबर झाकू नये, एवढंच. नव्या कायद्याची वाट न बघता, वरिष्ठांच्या आदेशानेही हे होऊ शकतं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मोर्चात माझ्या मुलीला स्कार्फ काढायला सांगितलं तर तिने काय करावं?

आधी शांतपणे विचारावं, कुठल्या आदेशाखाली? तसा आदेश असेल तर तो जाहीर केलेला असतो. ओढाताण करू नये, कारण मग सरकारी कामात अडथळ्याचा वेगळाच गुन्हा मागे लागतो. महिला पोलिसाला चेहरा दाखवायची तयारी सांगावी. तारीख, वेळ, जागा आणि दिसला तर बक्कल नंबर लिहून ठेवावा. तक्रार नंतर करता येते.

प्रश्न: साध्या वेशातले लोक 'पोलिस आहोत' म्हणून उचलायला आले तर?

साध्या वेशात पोलिस येऊ शकतात, पण अटक करताना कलम ३६ त्यांनाही लागू आहे. ओळखपत्र मागा. अटकेची कारणं सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही हवी. कुणाला तरी कळवण्याचा हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि महिला अधिकारी हवी. शंका असेल तर ११२ ला फोन लावून खात्री करा. खरे पोलिस असतील तर त्यांना राग यायचं कारण नाही. तोतया असतील तर ते थांबणार नाहीत.

प्रश्न: मी पोलिस खात्यात तीस वर्षं काढली. आमच्यावर दगड पडतात तेव्हा कुणी नंबर विचारत नाही. हा एकतर्फी हिशेब नाही का?

दादा, तुमच्यावर दगड मारणारा गुन्हेगारच आहे, आणि त्याला शोधायला तुमच्याकडे कायदा, कॅमेरे आणि सगळं खातं आहे. तुमच्यातल्या एखाद्याने हद्द ओलांडली, तर समोरच्याकडे फक्त तुमचा नंबर असतो. आणि एक गोष्ट तुम्ही माझ्यापेक्षा चांगली जाणता. त्या दिवशी पन्नास जणांच्या तुकडीत दोघांनी चूक केली आणि नंबर कुणाचाच दिसला नाही, तर बदनामी पन्नासांची होते. नंबर दिसला, तर बाकीचे अठ्ठेचाळीस सुटतात.